छत चिकटवणाऱ्यांनो, आता पुरे

फायबरग्लासच्या बोटीत केबिनच्या छताला फोमचं अस्तर ग्लूने चिकटवायची पद्धत बंद झाली पाहिजे. जुन्या बोटीचं कुजलेलं अस्तर ओरबाडून काढायचं आणि त्याच जागी पुन्हा तोच माल चिकटवायचा, हे तर सगळ्यात आधी थांबलं पाहिजे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हा धंदा राजरोस चालतो. मालक पैसे मोजतात, कारागीर ग्लूचे डबे रिकामे करतात, आणि काही वर्षांनी त्याच बोटीतला पुढचा मालक डोक्यावर लोंबणारं कापड एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने चहा ओततो. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. मला वाटतं, आणि ते मी मऊ शब्दांत सांगणार नाही.

आमची बोट १९७० च्या दशकातली, शिडाची, हॅम्पशायरच्या एका खाडीत असते. नवरा आणि मी मूळचे रत्नागिरीचे. नोकरीपायी इथे आलो आणि समुद्राशिवाय राहवेना म्हणून जुनी बोट घेतली. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि जुन्यांची इथे ददात नाही. कारण १९६० नंतर या किनाऱ्यावर फायबरग्लासच्या बोटी घाऊक बनायला लागल्या. लॉरेंट जाइल्स या प्रसिद्ध आखणीकारांच्या कचेरीने आखलेली वेस्टर्ली सेंटॉर १९६९ साली आली आणि १९८० पर्यंत तिच्या दोन हजार चारशेच्या वर बोटी पाण्यात गेल्या. शिक्षक, कारकून, दुकानदार अशा माणसांना पहिल्यांदाच स्वतःची शिडाची बोट परवडली. ही मोठी गोष्ट होती. त्या पिढीच्या बोटींची कवचं जाड थरांची आहेत आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांतल्या कितीतरी बोटी दर उन्हाळ्यात इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला जाऊन येतात. कवच बांधणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. कवच घडवताना लॉइड्स या जहाजं तपासणाऱ्या संस्थेच्या निरीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची पद्धत तेव्हा होती आणि त्याचं प्रमाणपत्र बोटीबरोबर मिळायचं. जुने मालक ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. छताच्या अस्तराची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नव्हती.

साच्यातून निघालेला डेक बाहेरून गुळगुळीत असतो आणि आतून ओबडधोबड. आतल्या बाजूला काचेच्या धाग्यांच्या गुठळ्या, राळेचे ओघळ आणि हाताला टोचणारी कुसळं दिसतात. ते उघडं ठेवून बोट विकता येत नव्हती. आतली बाजू घासून रंगवायची म्हणजे दिवस जाणार. लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर फळ्या बसवायच्या म्हणजे सुतार लागणार. मग सगळ्यांनी एकच पळवाट धरली. पाठीला दोन-तीन मिलिमीटर फोम असलेलं व्हिनाइल घ्यायचं, डेकच्या पोटाला आणि व्हिनाइलच्या पाठीला ग्लू फासायचा आणि दाबून टाकायचं. फोमच्या मऊपणात गुठळ्या लपतात, वळणं झाकली जातात आणि बोट विकायला तयार होते. पन्नास वर्षं टिकणाऱ्या कवचाला जेमतेम वीस वर्षं टिकणारं छत लावलं गेलं. तेही असं, की ते काढायचं तर फाडावंच लागतं.

अस्तर लोंबायला लागलं की मालक म्हणतो, ग्लू सुटला. यार्डातला माणूसही तेच म्हणतो आणि ग्लूचा नवा डबा पुढे करतो. हे धादांत खोटं आहे. लोंबणारं अस्तर ओढून त्याची पाठ बघा. ग्लू डेकला घट्ट धरून बसलेला असतो, इतका घट्ट की तो काढताना घाम फुटतो. दुसऱ्या बाजूला व्हिनाइलही शाबूत असतं. मेलेला असतो तो मधला फोम. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत लावला. त्यातला एस्टर जातीचा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतो. पाण्याचा रेणू त्या लांब साखळीत शिरून तिची कडी तोडतो, आणि जितकी ऊब जास्त तितकं हे तुटणं वेगाने होतं. ईथर जातीचा फोम ओलाव्याला जरा टिकतो, पण प्राणवायू आणि उजेड त्याला खातात. बोटीच्या केबिनमध्ये हिवाळाभर ओल असते आणि उन्हाळ्यात डेक हात टेकवता येणार नाही इतका तापतो. फोम लवकर मरावा म्हणून मुद्दाम जागा शोधायची झाली, तरी याहून चांगली सापडणार नाही.

ज्या संग्रहालयांनी १९६० च्या दशकातल्या फोमच्या खुर्च्या आणि शिल्पं जमवली, त्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. तिथली माणसं त्या वस्तू अंधारात आणि कोरड्या हवेत ठेवतात, तरीही भुगा व्हायचा थांबत नाही. आपल्याकडेही जुन्या मोटारीच्या टपाचं कापड ड्रायव्हरच्या डोक्यावर उतरतं ते याच कारणाने. तिथेही गॅरेजवाला ग्लूवरच खापर फोडतो. निदान गाडीचं ते कापड एका सुट्या पुठ्ठ्यावर असतं. पुठ्ठा काढून बाहेर आणता येतो. बोटीत तेही नाही.

पहिल्या बोटी विकल्या तेव्हा कारखानदारांना हे ठाऊक नव्हतं, असं धरून चालू. पण त्याच बोटी वीस वर्षांच्या झाल्या आणि छतं सोडायला लागल्या, तेव्हा तर डोळ्यांसमोर होतं ना? तरी पद्धत बदलली नाही. गिऱ्हाईक बोट प्रदर्शनात बघतो, छताला हात लावतो, मऊ लागतं, खूश होतो. छत सुटेल तेव्हा तो गिऱ्हाईक राहिलेला नसतो आणि बोटीची हमीही संपलेली असते. हा हिशेब करूनच तो माल लावला गेला, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मागे घ्यायचं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

मग मलमपट्ट्या सुरू होतात. कोणी लोंबत्या जागी बटणाचे स्क्रू मारतो. कोणी सुई-सिरिंजने कापडाच्या मागे ग्लू सोडतो. कोणी आडव्या लाकडी पट्ट्या ठोकून फुगे दाबून धरतो. सिरिंजने सोडलेला ग्लू भुग्याला चिकटतो आणि भुगा कशालाच चिकटलेला नसतो, तेव्हा दोन आठवड्यांत फुगा परत येतो. स्क्रूची गोष्ट याहून वाईट. या बोटींचे डेक बहुधा दोन पातळ थर आणि मध्ये बाल्साच्या हलक्या लाकडाचे ठोकळे असे बनलेले असतात. खालून मारलेला स्क्रू लांब निघाला की तो बाल्सात घुसतो, कधी वरचा थरही फोडतो. त्या भोकातून पाणी बाल्सात जिरतं, लाकूड कुजतं आणि डेक पायाखाली मऊ लागायला लागतो. लोंबतं कापड वर धरण्यासाठी डेकचा जीव घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हे करायला सांगणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यांनी त्या सल्ल्याचे पैसे घेतले होते.

आता सर्व्हेअरांकडे येते, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे.

बोट विकत घेण्याआधी सर्व्हे होतो. सर्व्हेअर कवचावर हातोडीने टकटक करतो, ओलावा मोजतो, शिडं उलगडून बघतो, आणि जाडजूड अहवाल देतो. आमच्या अहवालात छताबद्दल एकच ओळ होती आणि ती पडदे-गाद्यांच्या परिच्छेदात होती. अस्तर काही ठिकाणी सुटलेलं आहे, दिसायला बरं वाटत नाही, सवडीने बदलावं. बस्स. डेकवर जे काही बसवलेलं असतं, म्हणजे कठड्याचे खांब, दोर अडकवायचे क्लीट, शिडाच्या दोराची रुळी, डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या चेनप्लेटा, त्या प्रत्येकाचे बोल्ट डेकमधून आरपार जाऊन खाली आत निघतात. वादळात माणूस ज्या खांबाला धरतो त्याचा नट त्या अस्तराच्या मागे असतो. सर्व्हेअरने तो नट बघितला नव्हता. बघणं शक्यच नव्हतं. पण बघितलेला नाही असं त्याने ठळक लिहिलंही नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, झाकलेल्या भागांची जबाबदारी आमची नाही, एवढं छापील वाक्य होतं. फी मात्र पुऱ्या बोटीची घेतली.

आम्ही अस्तर काढलं तेव्हा काय दिसलं ते सांगते.

आधी खिडक्या काढाव्या लागल्या, कारण कारखान्यात अस्तराची कड खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीखाली दाबून टाकली होती. छत बदलायचं तर सगळ्या खिडक्या उचकटा. मग आतला लाकडी हातकठडा, मग दिवे, मग दिव्यांच्या तारा, ज्या फोममध्येच पुरल्या होत्या. त्यानंतर कोपऱ्यातून व्हिनाइल धरून ओढलं. ते एका झटक्यात आलं आणि त्यामागून तपकिरी भुग्याचा लोट आला. तो ओल्या हाताला नाचणीच्या पिठासारखा धरतो आणि मग हातावरून निघत नाही. कानात, चष्म्यावर, मास्कच्या कडेला, सगळीकडे तो. डाव्या बाजूच्या मधल्या खांबाखाली आलो तेव्हा व्हिनाइलच्या पाठीवर तांबड्या पाण्याचा ओघळ दिसला, पानभर रुंद, कडेने सुकलेला आणि मध्ये ओला. खांबाखाली चार बोल्ट असायला हवे होते. तीन होते. खाली जोर वाटून देणारी धातूची पट्टी नव्हतीच. नटाखाली पातळ वॉशर होते, आणि एक वॉशर राळेत रुतून वाकडा झाला होता. नटांच्या वर, डेक आणि नट यांच्यामध्ये, कारखान्याने प्लायवूडचा एक तुकडा घातला होता. त्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आलं ते लाकूड नव्हतं, काळा चिखल होता. नवऱ्याने वरून खांब हलवला आणि मी खालून बोल्ट हलताना पाहिला. याच खांबाला बांधलेल्या दोरीला धरून माझी मुलगी आदल्या उन्हाळ्यात डेकवरून पुढे गेली होती.

चेनप्लेटांची कथा आणखी गंभीर. डोलकाठी उभी राहते ती बाजूच्या तारांच्या ताणावर, आणि त्या तारा चेनप्लेटांना बांधलेल्या असतात. त्या स्टेनलेस स्टीलच्या असतात म्हणून लोक निर्धास्त राहतात. स्टेनलेसला गंज चढत नाही याचं कारण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. तो पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. डेकच्या भोकात, सीलंटच्या खाली, ओल्या अस्तराच्या मागे खारं पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही. तिथे पापुद्रा तुटतो आणि स्टील फटीतून आत आत खाल्लं जातं. वरून चकचकीत दिसणारी पट्टी मधोमध अर्धी झालेली असते. हे कळायचा एकच मार्ग आहे. खालून बघायचं, तपकिरी डाग दिसला की पट्टी काढून तपासायची. चिकटवलेलं छत नेमका हाच मार्ग बंद करतं. डोलकाठ्या कोसळतात आणि लोक वाऱ्याला दोष देतात.

ही दिसण्याची बाब आहे का? सर्व्हेअरांच्या संघटनांनी याचं उत्तर द्यावं. ज्या बोटीचं छत चिकटवलेलं आहे तिच्या अहवालाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, डेकचा एकही नट मला बघता आलेला नाही, असं लिहायची सक्ती का नसावी?

अस्तर निघाल्यावर मागे राहतो ग्लूचा आणि मेलेल्या फोमचा थर. तो काढणं हे या कामातलं सगळ्यात घाणेरडं काम आहे. ड्रिलला तारेचा वाटीब्रश लावून, डोक्यावर हात धरून, इंच इंच घासावं लागतं. भुग्याबरोबर फायबरग्लासची कुसळं उडतात आणि मनगटाच्या घडीत जाऊन बसतात. धुळीसाठी पी-थ्री गाळणीचा मास्क हवा. ॲसिटोन किंवा दुसरं विद्रावक वापरायचं तर त्या वाफेसाठी वेगळी, कोळशाची गाळणी हवी, कारण धुळीची गाळणी वाफ अडवत नाही. आमच्या यार्डात हे काम पोरसवदा मुलं कागदाचा मास्क लावून करताना मी पाहिली आहेत. दार बंद, कारण बाहेर पाऊस. ज्याने त्यांना आत पाठवलं तो कचेरीत हीटरजवळ बसलेला होता.

आणि हीट गन. ग्लू मऊ करायला हीट गन वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पॉलियुरेथेन जळायला लागलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड देतं. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नावाच्या नाइटक्लबात मंचाभोवती भिंतींना आणि छताला चिकटवलेल्या फोमने आतषबाजीची ठिणगी धरली आणि १०० माणसं मेली. काही मिनिटांत. तो फोम पॉलियुरेथेनचा होता. बोटीच्या केबिनला दार बहुधा एकच असतं आणि गॅसची शेगडी त्याच दाराशी, छतापासून हातभर खाली असते. तिथे हा माल लावणारा, आणि तिथे त्यावर हीट गन धरायला सांगणारा, दोघांच्याही परवान्याचा प्रश्न यायला हवा. परवाना लागतच नाही, ही वेगळी लाज.

नवा ग्लू लावतानाही तेच. हा ग्लू दोन्ही बाजूंना फासून सुकवून चिकटवायचा असतो. त्यातली टोल्यूइन, हेक्झेन यांसारखी विद्रावकं उडतात, आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरून बोटीच्या तळाशी साचते, जिथे इंजिन आणि बॅटऱ्या असतात. स्वयंपाकाचा गॅस तळाशी साचेल म्हणून इथला प्रत्येक बोटवाला घाबरून असतो, त्यासाठी भोंगा वाजवणारी यंत्रं लावतो. तोच माणूस बंद केबिनमध्ये ग्लूचे डबेच्या डबे फवारतो.

जुनं अस्तर निघालं, डेकचे बोल्ट नव्याने बसवले, खाली धातूच्या रुंद पट्ट्या दिल्या. मग नव्या छतासाठी कारागिराला बोलावलं. त्या भागातला नावाजलेला माणूस. आला, टेप काढली, मापं घेतली आणि म्हणाला, “फोमचं व्हिनाइल घेऊ. मलईचा रंग तुमच्या बोटीला शोभेल.”

मी म्हटलं, “चिकटवायचं नाही. सुट्या फळ्या हव्यात, स्क्रूवर बसवलेल्या.”

“स्क्रूची डोकी दिसतील. बोट व्हॅनसारखी दिसेल.”

“दिसू द्या. ती दिसली म्हणजे काढता येतील.”

“बाई, हा माल वीस वर्षं जातो. तुम्ही त्याआधी बोट विकलेली असेल.”

हे त्याने मला समजावणीच्या सुरात सांगितलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडेल, तेव्हा आपल्याला काय. सबंध धंदा या एका वाक्यावर चाललेला आहे. मी त्याला चहा दिला आणि काम दिलं नाही.

सुट्या फळ्यांच्या विरोधात जे बोललं जातं ते एकेक घेते. उंची जाते म्हणतात. जाते, इंचभर. सव्वीस फुटी बोटीत इंच मोलाचा असतो हे मान्य, पण लोंबणारं अस्तर त्याहून जास्त उंची खातं. वजन वाढतं म्हणतात. चार मिलिमीटर प्लायवूडच्या चार-सहा फळ्यांनी ज्या बोटीचा तोल बिघडतो ती बोट समुद्रात नेऊ नये. खर्च जास्त म्हणतात. पहिल्यांदा जास्त, पुन्हा कधीच नाही, आणि फळ्या घरी गॅरेजात बसून कापता येतात, बोटीत पाठीवर पडून राहावं लागत नाही. एक हरकत मात्र खरी आहे. नाळेकडे डेक दोन्ही दिशांनी वळतो आणि तिथे प्लायवूड वळत नाही. तिथे अरुंद लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी लावाव्यात. पट्टी एका दिशेने वळते आणि दुसऱ्या दिशेला पुढची पट्टी असते. जुन्या लाकडी बोटींचे सुतार हेच करत आले. त्यासाठी ग्लूची गरज कधीच पडली नव्हती.

आम्ही असं केलं. घासून कोरड्या केलेल्या डेकच्या पोटाला लाकडी पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या. इपॉक्सीने पट्टी चिकटवणं आणि फोमने छत चिकटवणं यांत फरक आहे, कारण पट्टी कायम राहायची आहे आणि ती काही झाकत नाही. डेकमध्ये एकही स्क्रू नाही. फळीचे स्क्रू पट्टीच्या जाडीहून आखूड, म्हणजे चुकूनही वर पोचायचे नाहीत. पट्ट्यांच्या मधल्या जागेत बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा इन्सुलेशनचा थर नुसता अडकवून बसवला, कारण उघडा फायबरग्लास थंडीत आतून घामेजतो आणि सकाळी अंथरुणावर थेंब पडतात. जिथे बोल्ट आहेत तिथे हा थर कापून जागा मोकळी ठेवली. फळ्यांच्या कडा आणि पाठ इपॉक्सीने बंद केल्या, नाहीतर प्लायवूड कडेतून ओल पितं आणि सोलतं. वरून साधं, फोम नसलेलं व्हिनाइल ओढून पाठीमागे स्टेनलेसच्या पिना मारल्या. साध्या लोखंडी पिना दोन हिवाळ्यांत गंजून कापडावर ठिपके उमटवतात, आणि बाजारात मिळणाऱ्या तयार फळ्यांमध्ये बहुतेक त्याच असतात. प्रत्येक फळीच्या पाठीवर तिच्यामागे कोणते बोल्ट आणि कोणत्या तारा आहेत ते पेनने काढून ठेवलं. पुढचा मालक कोण असेल ते माहीत नाही. त्याला ते वाचता येईल.

मऊ व्हिनाइलमध्येही एक गोम असते, ती सांगितली पाहिजे. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करायला त्यात तेलासारखी द्रव्यं घालतात आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतात. ग्लूशी गाठ पडली की ग्लू पातळ होतो. म्हणजे फोम मेला नाही तरी चिकटवलेलं व्हिनाइल दुसऱ्या वाटेने सुटू शकतं. हे ग्लूच्या डब्यावरच्या बारीक सूचनांत असतं. कारागिरांनी ते वाचलेलं नसतं, किंवा वाचून सोडून दिलेलं असतं.

नव्या बोटी सुधारल्या असतील, अशी आशा बाळगून मी दर सप्टेंबरात भरणाऱ्या साउथॅम्प्टनच्या बोट प्रदर्शनात गेले. काही बोटींत सुट्या फळ्या खरंच दिसल्या, आणि त्या बनवणाऱ्यांना माझा नमस्कार. पण कितीतरी बोटींत आता आतलं छत म्हणून फायबरग्लासचाच दुसरा, सबंध, पांढराशुभ्र साचा बसवतात. तो डेकला आतून जोडून टाकतात आणि दोन्हींच्या मध्ये बोल्ट कायमचे पुरले जातात. हा साचा लोंबणार नाही, कुजणार नाही, पण निघणारही नाही. एका विक्रेत्याला मी विचारलं, या क्लीटचा नट कुठून गाठायचा? तो वरच्या अधिकाऱ्याला बोलवायला गेला. अधिकारी आला, छताकडे बघितलं, आणि म्हणाला की नट गाठायची वेळच येणार नाही. लाखभर पौंडांच्या वर किंमत सांगणाऱ्या माणसाने हे उत्तर द्यावं आणि समोरच्या गिऱ्हाइकांनी मान डोलवावी, याची मला अजून चीड येते.

रत्नागिरीत मिरकरवाड्याला पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढलेल्या असत. लहानपणी आम्ही त्यांच्यात चढायचो. आत फळी, फळीला आडव्या वाकवलेल्या लाकडांचा सांगाडा, सांध्यांत ठोकलेला कापूस, सगळं उघडं. पाणी कुठून येतं ते खलाशी आत वाकून बोटाने दाखवायचा आणि त्याच दुपारी सुतार तिथे बसायचा. ती गरिबीची बांधणी होती असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पण दुरुस्त करता येणारी बोट ही समुद्रावरच्या माणसाची पहिली मागणी असते, आणि ती तिथे पुरी होत होती.

आता मुंबई-गोव्याकडे हौशी बोटी वाढत आहेत. सहलीच्या, भाड्याच्या, खासगी. काही परदेशातून जुन्या आणलेल्या, काही तिथेच बांधलेल्या. त्यांच्या केबिनमधली मऊ, पांढरी छतं फोटोंत मी पाहते तेव्हा पोटात गोळा येतो. इंग्लंडच्या थंडीत जो फोम वीस वर्षं काढतो तो कोकणच्या दमट उकाड्यात तेवढा टिकणार नाही, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. चार महिने पाऊस, बंद केबिन, वरून तापलेला डेक. आणि त्या बोटींवर लोक लहान मुलांना घेऊन एलिफंटाला, मांडव्याला जातात, मांडवीत फिरतात, कठड्याला टेकून फोटो काढतात. त्या कठड्याचे नट कोणी बघितले आहेत का? मालकाने विचारलं पाहिजे आणि तिकीट काढणाऱ्यानेही विचारायला हरकत नाही.

ज्यांना नवी बोट बांधून घ्यायची आहे त्यांनी करारात लिहून घ्यावं: केबिनच्या छतावर फोमचं व्हिनाइल थेट चिकटवणार नाही, सगळं छत साध्या स्क्रूड्रायव्हरने उतरवता येईल, आणि डेकच्या प्रत्येक बोल्टचा नट पान्याने गाठता येईल. कारखानदार त्यावर सही करत नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नये. जुनी बोट घेणाऱ्याने सर्व्हेअरची फी ठरवतानाच विचारावं, तुम्ही अस्तर उघडून बघणार आहात का? तो नाही म्हणाला, तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन निदान एका खांबाखालचं अस्तर स्वतः कापून बघावं. विकणारा परवानगी देत नसेल, तर त्याला त्यामागे काय आहे ते माहीत आहे.